क्रुसावर टेकवलेले पिस्तूल

ज्याचे हात एकदा रक्ताने माखले आहेत, अशा माणसाला घर मिळावे का? मिळाले, तर त्या घरात त्याला आणि त्याच्या माणसांना निर्धास्त झोप लागेल का? हे प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जसे आहेत, तसेच ते तुरुंगाच्या फाटकाबाहेर आणि पुष्कळ घरांच्या उंबरठ्यांवरही ताटकळत उभे आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी आम्ही आज वाचकांना धर्मग्रंथांच्या कपाटापासून थोडे दूर, चित्रपटगृहाच्या अंधारात नेणार आहोत. धर्मगुरूच्या लेखणीतून बंदूकबाजांच्या चित्रपटाची गोष्ट यावी याचे कोणाला नवल वाटेल. परंतु प्रभूनेही आपले दाखले पेरणारा, सावकार, उधळा पुत्र, अप्रामाणिक कारभारी अशा लोकांच्या परिचयाच्या माणसांतूनच उचलले होते.

ज्यांना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ असे अर्धवट थट्टेने म्हटले गेले, ते चित्रपट १९६० नंतरच्या दशकात इटलीत मोठ्या संख्येने निघाले. कथा अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरची, पण दिग्दर्शक इटालियन, आणि चित्रीकरण रोमजवळच्या स्टुडिओत किंवा स्पेनच्या रखरखीत माळावर. सर्जिओ लिओने यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या १९६४ सालच्या चित्रपटाने या लाटेला जोर दिला. त्याचे कथानक अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ सालच्या ‘योजिंबो’ या जपानी चित्रपटावर बेतलेले होते. संगीत एन्निओ मॉरिकोने यांचे होते. याच मॉरिकोने यांनी पुढे पोप फ्रान्सिस यांच्या नावे एका मिस्सेचे संगीत रचले आणि ते २०१५ साली रोममधील येशूसंघीयांच्या जेझू मंदिरात सादर झाले.

हे चित्रपट करणारी माणसे कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या देशातली होती. त्यांतील कित्येकांची श्रद्धा विझलेली असेल, परंतु क्रूस, घंटा, कबर, माता व बाळ या प्रतिमा त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या. लिओने यांच्या त्या पहिल्या चित्रपटात मारिसोल नावाची एक स्त्री गुंडांच्या कैदेत आहे. तिचा नवरा हुलिओ हतबल आहे आणि त्यांच्या लहानग्याचे नाव येशू आहे. निर्विकार वाटणारा परका बंदूकबाज या त्रिकुटाला सोडवतो, हातात पैसे ठेवतो आणि सरहद्दीपलीकडे निघून जायला सांगतो. मिसरला पळून जाणाऱ्या पवित्र कुटुंबाची आठवण कोणालाही व्हावी. पण तो स्वतः त्यांच्याबरोबर जात नाही. आपल्याला कुटुंब नाही आणि ते मिळणारही नाही, हे त्याने मनोमन मान्य केले आहे.

दोन वर्षांनी, १९६६ साली, सर्जिओ कोर्बुच्ची यांनी ‘जँगो’ काढला. येथील बंदूकबाजाने मात्र ती आशा सोडलेली नाही, आणि म्हणूनच हा चित्रपट आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. चित्रपट विलक्षण क्रूर आहे. ब्रिटनमध्ये त्याला १९९३ पर्यंत परवानगी नव्हती, आणि तो मुलांना दाखवावा असे आम्हीही सुचवणार नाही. तरी त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

फ्रँको नेरो या नटाने उभा केलेला जँगो आपल्याला प्रथम पाठमोरा दिसतो. खांद्यावर खोगीर, पण घोडा नाही. दोरीने बांधलेली शवपेटी तो चिखलातून ओढत चालला आहे. वाटेत एका पुलाजवळ मारिया नावाच्या स्त्रीला काही माणसे जाळून मारण्याच्या बेतात असतात. ती माणसे मेजर जॅक्सन या वंशद्वेषाने पेटलेल्या सेनाधिकाऱ्याची असतात. जँगो त्यांना ठार करून मारियाला वाचवतो. पुढे कळते, की तो अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला होता आणि तो दूर असताना त्याच्या प्रियेचा, मर्सेडीसचा, याच जॅक्सनने बळी घेतला होता. गावाजवळच्या दफनभूमीत तिची कबर आहे. शवपेटीत प्रेत नाही, मशीनगन आहे. तिच्या जोरावर तो जॅक्सनच्या टोळीचा बहुतेक भाग आडवा करतो. मग एका मेक्सिकन बंडखोर सेनापतीशी हातमिळवणी करून किल्ल्यातले सोने लुटतो, आणि शेवटी तेच सोने त्या साथीदाराच्या हातूनही पळवतो. आता शवपेटीत बंदुकीच्या जागी सोने असते.

याच ठिकाणी कथेचे मर्म आहे. ज्या पुलाजवळ दोघांची पहिली भेट झाली, तेथे मारिया त्याला विनवते, की हे सोने टाकून दे, आपण दोघे नव्याने संसार मांडू. ती वेश्यावस्तीत राहिलेली, दोन्ही टोळ्यांकडून मार खाल्लेली स्त्री आहे. तिला संसाराची किंमत कळते, म्हणून त्यासाठी सोने लागत नाही हेही तिला कळते. जँगोला ते कळत नाही. त्याच्या लेखी सोने हेच जुन्या जँगोला कायमचे पुरण्याचे साधन आहे. तेवढ्यात अपघाताने बंदूक उडते, शवपेटी घसरून दलदलीत पडते आणि सोने बुडू लागते. ते धरण्याच्या नादात तो स्वतः गळ्यापर्यंत रुततो. त्याला वाचवू पाहणाऱ्या मारियाला मागावर आलेल्यांची गोळी लागते. चोरीची शिक्षा म्हणून बंडखोर त्याच्या दोन्ही हातांचा चुराडा करतात.

वाचकहो, येथे थोडे थांबू या. जँगोची इच्छा वाईट नाही. त्याला शांतता हवी आहे, सोबत हवी आहे, स्वतःचे छप्पर हवे आहे. संत ऑगस्टिन यांनी ‘देवनगरी’ या ग्रंथात दाखवून दिले आहे, की शांततेची ओढ सर्व माणसांना असते; युद्ध करणाऱ्यालाही शेवटी शांतताच हवी असते, आणि दरोडेखोरसुद्धा आपल्या घरात आणि आपल्या टोळीत शांतता राखू पाहतो. तेव्हा ‘त्याला शांत जीवन हवे आहे’ एवढ्याने माणसाची नैतिक परीक्षा होत नाही. ती शांतता तो कोणत्या किमतीला, कोणाच्या पदरचे घेऊन मिळवू पाहतो, हे पाहावे लागते. जँगोच्या मनात एक हिशेब पक्का आहे: आधी सूड, मग सोने, आणि त्यानंतर शांती. शांती ही जणू रस्त्याच्या शेवटी असलेली धर्मशाळा आहे आणि तेथे पोहोचेपर्यंत पायाखाली काहीही तुडवले तरी चालते.

‘एवढे एकदाच’ ही या हिशेबाची परवलीची ओळ. एवढा एकच खून, एवढा एकच दरोडा, मग मी सुटलो. हे वाक्य आपल्याला चित्रपटांबाहेरही ओळखीचे आहे. एवढी एकच बाटली. भावावर एवढा एकच दावा. लेकीच्या लग्नापुरती एवढी एकच लबाडी. प्रत्येक ‘शेवटचे’ कृत्य पुढच्या कृत्याची गरज निर्माण करते, कारण ज्याच्यावर ते केले जाते तो माणूस, किंवा त्याचा मुलगा, किंवा आपलीच सवय मागे उरते. संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत शिकलेल्या प्रत्येक सेमिनरियनला हे पाठ असते, की कृतीतून सवय जडते आणि सवयीतून स्वभाव घडतो. चांगुलपणाचे हे जसे खरे, तसेच दुर्गुणाचेही. शेवटच्या खुनानंतर जो माणूस घरी परततो, तो खून करण्यात आणखी एकाने तरबेज झालेला असतो.

पण येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. पहिल्या प्रसंगी जँगोने पिस्तूल काढले नसते, तर मारिया जिवंत जळाली असती. अशा वेळी हात जोडून उभे राहणे म्हणजे शांतिप्रियता काय? ख्रिस्तसभेने तसे कधी शिकवलेले नाही. स्वसंरक्षणाच्या एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात, आपला जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जीव जाणे, हे संत थॉमस यांनी आपल्या ‘सुम्मा’त मांडले आहे. पहिला परिणाम हाच हेतू असेल आणि वापरलेले बळ गरजेपेक्षा अधिक नसेल, तर ती कृती दोषास्पद नाही. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हाच विचार स्वीकारून असे म्हटले आहे, की ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हा केवळ हक्क राहत नाही, ते गंभीर कर्तव्य ठरते.

हे माप लावले, की जँगोच्या कृत्यांची वर्गवारी होऊ लागते. पुलाजवळ मारियाला वाचवणे हे संरक्षण आहे. मशीनगनने माणसांची रास घालण्यात मात्र संरक्षणाबरोबर सूडाचे पाणी मिसळलेले आहे, आणि सोन्याच्या लुटीला तर कोणताच आडोसा नाही. हेतूंची अशी सरमिसळ फक्त चित्रपटात असते असे नाही. ‘मी हे माझ्या मुलाबाळांसाठी करतो’ असे म्हणत माणूस जेव्हा शेजाऱ्याची हद्द सरकवतो, तेव्हा त्याचे म्हणणे अर्धे खरे असते, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते त्याला स्वतःला फसवते. कुटुंबाचे प्रेम ही पवित्र गोष्ट आहे. म्हणूनच पापाला ते पांघरूण म्हणून फार सोयीचे पडते.

आता शेवट. चिरडलेल्या हातांनी जँगो दफनभूमीत जाऊन मर्सेडीसच्या कबरीआड बसतो. बोटे निकामी झाली आहेत, म्हणून तो चापाभोवतीची कडी दातांनी उपटून काढतो आणि पिस्तूल लोखंडी क्रुसावर टेकवतो. जॅक्सन उरलेल्या पाच माणसांना घेऊन येतो, त्याच्या प्रार्थनेची टर उडवतो आणि क्रुसाची खूण केल्याप्रमाणे क्रुसाच्या टोकांवर गोळ्या झाडतो. मग जँगो क्रुसाच्या आधाराने चाप दाबून सहाही जणांना मारतो आणि पिस्तूल तेथेच सोडून धडपडत निघून जातो. मारिया कोठेतरी त्याची वाट पाहते आहे, एवढीच आशा प्रेक्षकाला उरते. ती भेट चित्रपट दाखवत नाही.

या दृश्याने भाविक मनाला धक्का बसतो. ज्या क्रुसावर प्रभूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तोच येथे बंदुकीची बैठक झाला आहे. जॅक्सन क्रुसाची विटंबना उघडपणे करतो. जँगो ती नकळत करतो. याच चित्रपटात जॅक्सनच्या पदरी असलेला एक धर्मोपदेशकही आहे. हाती पवित्र ग्रंथ घेऊन तो प्रत्यक्षात मालकासाठी हेरगिरी करतो. तेव्हा धर्म येथे तिन्ही रूपांत दिसतो: द्वेषाचे वस्त्र म्हणून, पोटाचा धंदा म्हणून आणि सूडाचा टेकू म्हणून. आम्हां धर्मगुरूंना हे पाहून राग येण्यापेक्षा अंतर्मुख होणे अधिक योग्य. क्रूस धर्मयुद्धांच्या काळात ढालींवर रंगवला गेला, तेव्हा तो काही चित्रपटवाल्यांनी रंगवला नव्हता. मात्र पिस्तूल शेवटी क्रुसावरच राहिले, हेही तितकेच खरे. ते त्याने पुन्हा कमरेला लावले नाही.

त्याने लावले नाही. पण इतरांनी लावले. ‘जँगो’ला मिळालेले यश पाहून पुढच्या काळात तीसहून अधिक चित्रपटांनी हे नाव आपल्या शीर्षकात वापरले. बहुतेकांचा मूळ कथेशी काही संबंध नव्हता. १९८७ साली फ्रँको नेरो यांनाच घेऊन अधिकृत उत्तरभाग निघाला. त्यात जँगो शस्त्र टाकून मठात राहतो आहे. तेथे त्याला कळते, की आपल्याला एक मुलगी आहे आणि तिला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवले आहे. तो पुरलेली मशीनगन उकरून काढतो. एकवीस वर्षांनंतरही प्रेक्षकाला मठातला जँगो नको होता. त्याला मशीनगनवाला जँगोच हवा होता.

१९७३ सालच्या ‘माय नेम इज नोबडी’ या चित्रपटाने या गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. हेन्री फोंडा यांनी रंगवलेला म्हातारा बंदूकबाज बोरेगार्ड थकला आहे. त्याची दृष्टी मंदावली आहे आणि त्याला युरोपला जाऊन निवांत दिवस काढायचे आहेत. पण त्याचा एक तरुण चाहता त्याला सोडत नाही. आपल्या दैवताने दीडशे घोडेस्वारांशी एकट्याने लढावे आणि इतिहासाच्या पुस्तकात जावे, असा त्याचा हट्ट. तो तसा प्रसंग घडवूनही आणतो. म्हाताऱ्याची सुटका कशाने होते? खोट्या मरणाने. भर रस्त्यात द्वंद्वाचे नाटक होते, बोरेगार्ड मेला असे जगाला कळते, त्याच्या नावाची कबर उभी राहते, आणि खरा माणूस गलबतात बसून निघून जातो. जगाच्या लेखी मेल्याशिवाय त्याला जगता आले नाही.

म्हणजे बंदूकबाजाला शांत संसार का लाभत नाही, याचे एक कारण त्याच्यात आहे आणि दुसरे तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या आपल्यात आहे. संत ऑगस्टिन यांच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात अलिपियस या मित्राची हकीकत आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून मल्लांच्या रक्तरंजित खेळाला नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण गर्दीचा एक प्रचंड आरडाओरडा कानी पडताच त्याने डोळे उघडले आणि मग ते त्याला मिटताच आले नाहीत. सोळाशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजही जुनी झालेली नाही. प्रेक्षागाराची जागा आता तळहातावरच्या पडद्याने घेतली आहे, एवढेच.

या इटालियन लाटेचे पाणी मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंतही पोहोचले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’त ठाकुराच्या कुटुंबाचे हत्याकांड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लिओने यांच्या १९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधील शेतकरी कुटुंबाच्या हत्येचे साम्य सहज दिसेल. तेथील जयही आमच्याच प्रश्नाचा एक चेहरा आहे. तो भुरटा चोर, भाड्याने आणलेला लढवय्या. विधवा राधेला पाहून त्याला गावात स्थिरावावेसे वाटू लागते, आणि नेमका तोच मरतो. शेवटही लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार करतो. परंतु सेन्सॉरच्या आग्रहाने तो बदलून ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बरला कायद्याच्या हाती दिले जाते, असा करण्यात आला. कलेच्या दृष्टीने पहिला शेवट बरा असेलही. पण सूड घेणाऱ्याचा हात धरून कोणीतरी त्याला ‘पुरे’ म्हणावे लागते, ही त्या बदललेल्या शेवटातील गोष्ट नीतीच्या दृष्टीने अगदीच क्षुल्लक नाही. होमरच्या ‘ओडिसी’तही घरी परतलेला वीर उपटसुंभ वरांची कत्तल करतो, तेव्हा मेलेल्यांचे नातलग शस्त्रे घेऊन येतात आणि अखेर देवतेला मध्ये पडून ते चक्र थांबवावे लागते. माणसाला ते एकट्याने थांबवता येत नाही, हे ख्रिस्तपूर्व कवीलाही उमगले होते.

मग पवित्र शास्त्र काय सांगते? क्षमा मिळते, हे ते निःसंदिग्धपणे सांगते. पण क्षमा मिळाली म्हणजे घडलेले पुसले गेले, असे ते म्हणत नाही. दाविदाला क्षमा मिळाली. तरीही मंदिर बांधण्याचा मान त्याला मिळाला नाही, कारण त्याच्या हातून फार रक्त सांडले होते. तो मान त्याच्या पुत्राकडे गेला. चौथ्या शतकातील संत बेझिल यांनी तर, युद्धातील मारणे हा खून मानला जात नाही हे ठाऊक असूनही, रणांगणावरून परतलेल्यांनी तीन वर्षे पवित्र कम्युनियनपासून दूर राहावे असे सुचवले होते. आजही १९८३ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून मनुष्यहत्या केलेल्याला, त्याचे पाप माफ झालेले असले तरी, परमगुरुपीठाच्या विशेष सवलतीवाचून गुरुदीक्षा घेता येत नाही. या नियमांत निष्ठुरपणा शोधू नये. जखम भरण्यास वेळ लागतो आणि तो वेळ माणसाला दिला पाहिजे, ही त्यांमागची समज आहे. ज्याला ‘काल खून, आज संसार’ अशी घाई आहे, त्याला आपण काय केले याची जाणीव अजून पुरती झालेली नसते.

जुना माणूस पुरण्याची जँगोची कल्पनाही सर्वस्वी चुकीची नाही. संत पौल रोमकरांना हेच सांगतो, की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आहोत. फरक इतकाच, की जँगो स्वतःच स्वतःला पुरू पाहतो, आणि तेही सोन्याने. आपली शवपेटी आपणच ओढत फिरणाऱ्याला स्वतःचे दफन करता येत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातून व्हावे लागते.

पडद्याबाहेर असे घडल्याची दोन उदाहरणे देतो. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत जखमी झालेला एक स्पॅनिश सरदार दुखण्यातून उठून माँसेरातच्या यात्रेला निघाला. वाटेत एका मूर सहप्रवाशाने पवित्र मातेविषयी अनुदार शब्द काढले. त्याच्यामागे जाऊन खंजीर खुपसावा की नाही, हे सरदाराला ठरवता येईना. शेवटी त्याने खेचराचा लगाम सैल सोडला आणि खेचर दुसऱ्या वाटेने गेले म्हणून तो मूर वाचला. पश्चात्ताप झालेल्या माणसाच्याही कमरेला खंजीर होता आणि हातही शिवशिवत होता! मार्च १५२२ मध्ये त्याने ती तलवार आणि तो खंजीर माँसेरातच्या मातेच्या वेदीपाशी ठेवून रात्रभर जागरण केले. तो सरदार म्हणजे संत इग्नाती लोयोला. शस्त्र क्रुसापाशी त्यानेही ठेवले, पण गोळ्या संपल्यानंतर नव्हे.

दुसरे उदाहरण इटलीतलेच. १९०२ साली अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या वीस वर्षांच्या तरुणाने अकरा वर्षांच्या मारिया गोरेत्तीवर अत्याचाराचा प्रयत्न केला आणि तिने विरोध करताच तिला भोसकले. मरण्यापूर्वी तिने त्याला क्षमा केली. अलेस्सांद्रो सत्तावीस वर्षे तुरुंगात होता. पहिली काही वर्षे त्याला जराही पश्चात्ताप नव्हता. तो पुढे झाला. १९२९ साली सुटल्यावर पुढे तो मारियाच्या आईच्या, असुंताच्या, दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने क्षमा मागितली. लेकीने मरताना जे दिले ते आपण कसे नाकारावे, असा त्या माऊलीचा विचार होता. तिने क्षमा केली आणि दोघे एकाच मिस्सेत शेजारी शेजारी ख्रिस्तप्रसादाला गेले. १९५० साली मारिया संतपदाला पोहोचली. अलेस्सांद्रोने उरलेले आयुष्य कापुचिन मठाच्या बागेत काम करून काढले आणि १९७० साली तो वारला. त्याला पत्नी, मुले, स्वतःचे अंगण मिळाले नाही. पण त्याला घर मिळाले, आणि ज्या हातांनी सुरी धरली होती त्या हातांनी त्याने अनेक वर्षे रोपे लावली.

येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर, निदान त्याची दिशा, दिसते. रक्ताने माखलेल्या माणसाला घर मिळावे का? मिळावे. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथातील मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद बदलला, तेव्हा हेच कारण दिले होते, की अतिशय गंभीर गुन्ह्यानंतरही मनुष्याची प्रतिष्ठा नष्ट होत नाही. मात्र ते घर त्याला जिंकून मिळत नाही, विकत मिळत नाही आणि त्याच्या अटींवरही मिळत नाही. आधी शस्त्र खाली ठेवावे लागते, मग शिक्षा भोगावी लागते, ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहावे लागते, आणि मिळेल ती जागा कृतज्ञतेने घ्यावी लागते. जँगोला शांती शेवटी हवी होती. पश्चात्ताप करणारा तिची सुरुवात आधी करतो आणि मग लंगडत का होईना चालत राहतो.

परंतु अर्धे काम दार उघडणाऱ्याचे आहे. दमास्कसच्या वाटेवर शौल आंधळा होऊन पडला, तेव्हा त्याच्याकडे जाण्यास हनन्या कचरला होता, आणि त्याचे कचरणे अगदी शहाणपणाचे होते. तरी तो गेला, आणि त्याने त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारली. यरुशलेममध्येही शिष्य त्याला घाबरत होते. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला आत नेले. हनन्या आणि बर्णबा नसते, तर संत पौलाचे काय झाले असते, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

धर्मग्रामातही अशी माणसे परत येतात. कोणी शिक्षा भोगून येतो, कोणी टोळीची संगत सोडून, कोणी दारूच्या पायी बायकामुलांवर उगारलेला हात आता आवरायचा ठरवून. यांपैकी शेवटच्याच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना द्यावीच लागेल. मार खाल्लेल्या पत्नीने, तो बदललो म्हणतो एवढ्यावरून, त्याला लगेच घरात घेतलेच पाहिजे असे तिला कोणीही सांगू नये, धर्मगुरूने तर नाहीच. क्षमा ही तिची देणगी आहे. तिच्याकडून वसूल करण्याचे ते देणे नव्हे, आणि तिचे व मुलांचे संरक्षण हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. पण आपण बाकीचे? आपण त्याला काम देतो का? रविवारी बाकावर तो शेजारी येऊन बसला तर सरकून जागा देतो, की उठून दुसऱ्या बाकावर जातो? त्याच्या मुलाला शाळेत बापाच्या नावाने चिडवले गेले, तर आपल्या मुलाला दटावतो का? आणि चारचौघांत जुने किस्से रंगवून सांगण्याची गोडी आपल्याला सोडवते का, की त्या बोरेगार्डच्या चाहत्याप्रमाणे आपल्यालाही तो बदललेला माणूस बेचव वाटतो?

जँगो दफनभूमीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचे हात निकामी झालेले आहेत. त्याला आता पिस्तूल धरता येणार नाही, पण नांगरही धरता येणार नाही. घास भरवायलाही कोणीतरी लागेल. असा माणूस एखाद्या संध्याकाळी दाराशी येतो, तेव्हा त्याला कडी वाजवता येत नाही. आतल्यांनीच पावलांचा आवाज ऐकून दार उघडावे लागते.